चार बोटं

वडिलांची जुनी सायकल रोज ऑफिसला न्यायची म्हणून मी नीट करून घेतली. नवी चेन, नवे टायर, नवे ब्रेक. वडील बुटके होते, म्हणून सीट चार बोटं वर चढवून नट करकचून आवळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सीट चार बोटं खाली. रोज मी पाना घेऊन ती वर चढवायचो, रोज ती पुन्हा खाली.

शेवटी सायकल पुन्हा मेकॅनिककडे नेली, तर तोही वैतागला. "वेल्डिंगच मारतो. आता खुद्द तुमचे वडील आले तरी हलायची नाही!"

आज सकाळी सीट जागच्या जागी होती. मी हुश्श केलं आणि टांग मारली.

पाय पेडलपर्यंत पोचेनात. चार बोटं कमी पडत होती.

दारातून बायको म्हणाली, "अहो, पँट केवढी लोळतेय जमिनीवर! कुणाची घातलीत?"