न बदलणारा आठवडा

गेल्या डिसेंबरात अनुपमाच्या शारजातल्या टू बीएचकेत नणंदेकडचे सात पाहुणे, नऊ बॅगा आणि एकच चालू बाथरूम होतं. दर डिसेंबरात हेच.

यंदा टाइमशेअर, म्हणजे रिसॉर्टमधला दरवर्षीचा एक आठवडा, विकणाऱ्यावर ती बसल्या बसल्या घसरली. "कॅरिबियन? इतक्या लांब जायला वेड लागलंय आम्हाला? आणि आठवडा कुठला?"

"फिक्स, मॅडम. वीस वर्षं, ख्रिसमस ते न्यू इयर. बदलता येत नाही."

तिने नवऱ्याकडे पेन सरकवलं. "विजय, सही कर. खलास! आणि दर्शनाला आत्ताच कळव, डिसेंबरात आम्ही घरी नाही."

नणंदेचा, दर्शनाचा, व्हॉइस मेसेज लगेच आला. "वा वहिनी, मज्जा करा! तुमची बेडरूमही रिकामी, मग माझ्या सासरचेपण येतील. चावी तेवढी वॉचमनकडे ठेवा."

 

या डिसेंबरात पाहुणे अकरा.