निकेलचा हट्ट

"क्रोमचा मुलामा नको. एकोणतीस सालच्या गाडीला निकेलच होतं," असं खर्डेकर साहेबांनीच मला गेल्या महिन्यात ठणकावलं होतं. क्रोमचं तसं नाही, पण निकेल पिवळं पडतं, दर रविवारी पुसावं लागतं, हे मी सांगितल्यावर हसले होते. "बाबा पुसायचे, आता मी पुसेन."

आज ते गाडीच्या दिव्यांच्या रिंगा घेऊन माझ्या प्लेटिंगच्या कारखान्यात आले. निकेलच्या नमुन्यावरून अंगठा फिरवत म्हणाले, "क्रोमच कर."

माझं डोकंच फिरलं. "अहो, अस्सल गाडीचं वाटोळं कशाला करताय?"

"डॉक्टरांनी दोन महिने सांगितलेत. म्हणजे आठ रविवार. पुढे पुसायला कोण आहे?"

रिंगा ठेवून ते गेले. नमुन्यावर त्यांच्या अंगठ्याचा ठसा उमटला होता. माझ्या हातात फडकं होतं, पण पुसवेना.