आतला टाका

दुर्बिणीने पित्ताशय काढून झालं, की मोठे सर हातमोजे भिरकावून चहाला पळत. "बोटाएवढं तर भोक! वरची कातडी शिवली की झालं. बारा वर्षांत माझ्या एकाही पेशंटला हर्निया झालेला नाही," ही त्यांची रोजची शेखी. त्यांची पाठ वळली, की सहायक डॉक्टरीणबाई बेंबीपाशी कातडीखालचा थर मुकाट्याने आधी शिवून घेत. तो उघडा राहिला, तर आतडं तिथूनच डोकं वर काढतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

एक दिवस सर घड्याळ धरून दारातच उभे. "चार टाक्यांना वीस मिनिटं? बाई, गोधडी शिवताय का? उद्यापासून येऊ नका!"

"येतंय कोण! बसा स्वतःची टिमकी वाजवत," असं तोंडावर फेकून बाई तरातरा निघून गेल्या.

पंधरवड्याने थिएटरमधल्या सिस्टरचा फोन आला. "मॅडम, आज टेबलावर मोठे सरच आहेत. पित्ताशयात खडे झालेत, पण भूल घ्यायलाच तयार नाहीत."

"का?"



"म्हणतात, शिवायला बाईंनाच बोलवा. आणि त्यांना सांगा, अजिबात घाई करू नका."