शेवटचं पान

प्रकाशन समारंभात वरचा रंगीत कागद काढून प्रमुख पाहुण्यांनी माझी पहिली कादंबरी उंच धरली. टाळ्या थांबल्यावर ते म्हणाले, “शेवटी नायिका नवऱ्याकडे परत येते, ते मला फार भावलं.”

मी लिहिलेली नायिका परतलीच नव्हती.

मी मांडीवरची प्रत उघडली. शेवटचं पान माझं नव्हतं. अखेरची प्रुफं माझ्या नवऱ्यानं प्रकाशकांकडे पोचवली होती. “तू दमलीस, मी देऊन येतो,” म्हणाला होता. माझा प्रत्येक खर्डा सगळ्यांआधी त्यानंच वाचला होता. आता पहिल्या रांगेत बसून तो समाधानानं मान डोलावत होता.

मनोगतासाठी माझं नाव पुकारलं, तेव्हा मी पुस्तक खुर्चीवरच ठेवलं. माइकसमोर उभी राहून त्याच्याकडे बघत माझं शेवटचं पान तोंडपाठ म्हणू लागले. “तिनं चपला घातल्या आणि दार बाहेरून ओढून घेतलं.”