पाचपैकी दोन

"मला नाही पटली ही कादंबरी," शलाका ओट्यापाशी उभी राहून फोनमध्ये हळू आवाजात सांगत होती. अडीच वर्षांची राजसी आत झोपली होती. दुपारचा हा चोरलेला पाऊण तास तिला मोडायचा नव्हता. ऑडिओबुक ऐकणाऱ्या आठ बायकांचा ग्रुप. ऐकून झालं की आपलं मत रेकॉर्ड करून पाठवायचं, वर एखादा प्रसंग वेगवेगळे आवाज काढून करूनही दाखवायचा, असा त्यांचा रिवाज.

"वाचणारीचा आवाज गोड आहे हं. ऐकता ऐकता मी तवा दोनदा घासला. अंतराळयानातले भाग तर फारच सुंदर. पण शहराची हवा विषारी होते आणि माणसं काय करतात? घरात बसतात. जेवतात. पोरांना निजवतात. विज्ञानकथा झाली म्हणून काय झालं, इतकी बावळट माणसं असतात का कुठं? मी असते तर पोरीला उचलून केव्हाच... मी दिले पाचपैकी दोन."

ती थांबली. नाकात काहीतरी झोंबलं होतं.

"खिडकी लाव गं," बाहेरच्या खोलीतून सासूबाई, गोजरबाई, ओरडल्या. "गॅस सोडला वाटतं कंपनीवाल्यांनी."

शलाका फोन तसाच ओट्यावर ठेवून खिडकीकडे धावली. समोरची बिल्डिंग पांढरट, पुसट झाली होती. शेजारच्या गॅलरीत अंजनी नाकाला पदर लावून पापड गोळा करत होती. एकेक, सावकाश.

"अंजनीताई, आज जास्त आहे का हो?"

"बदलापुरात नवीन आहेस ना! तीन वर्षं काढ, मग वासाशिवाय झोप नाही यायची." अंजनी हसली, आणि हसता हसता खोकत आत गेली.

गोजरबाईंचं नाक तयार होतं. कुजक्या अंड्याचा वास आला की म्हणायच्या, अर्ध्या तासात जाईल. रॉकेलसारखा आला की दिवेलागणीपर्यंत. आज त्यांनी मान वर करून एकदा हुंगलं, पुन्हा हुंगलं.

"आई, कसला आहे?"

"चादर भिजव," त्या म्हणाल्या. "मोठी."

राजसी खोकतच उठली. शलाकानं तिला कडेवर घेतलं. पोरीच्या श्वासात बारीक शिट्टी वाजत होती.

"आई, निघूया आपण. रिक्षा करू, कुठंही जाऊ."

"कुठं निघतेस? बाहेरच तर आहे ते."

तरी शलाकानं दार उघडलं. जिन्यातून खालचा मजला दिसत नव्हता. तिनं दार लोटलं, फटीशी ओला टॉवेल कोंबला. गोजरबाईंनी राजसीच्या नाकातोंडावर ओला रुमाल धरला. राजसीनं तो सोडवून घेतला आणि बाहुलीच्या नाकावर ठेवला.

"तिला पण," ती म्हणाली.

नवऱ्याला, महेशला, फोन लावायला म्हणून शलाकानं ओट्यावरचा फोन उचलला. रेकॉर्डिंग चालूच होतं. अकरा मिनिटं. बंद करायला गेली, तर ओल्या अंगठ्यानं ते ग्रुपवर निघूनही गेलं. महेशचा फोन लागला नाही. पुन्हा लावला. लागला नाही.

खिडकीवर टांगलेली चादर दुसऱ्यांदा भिजवून झाली, तेव्हा फोन वाजला. महेश नव्हता. ग्रुपवर सोनियाचा मेसेज होता.

"शलाका, क्या बात है यार! सीन डायरेक्ट बदलापूरमध्ये आणलास? सासूचा आवाज तर एकदम रियल. बच्चीचा खोकला कसा काढलास गं? आता मीपण ऐकते ही कादंबरी. प्लीज, एंडिंग नको सांगू हां."

शलाकानं वाचलं आणि फोन पालथा ठेवला. तिचा दुसरा हात राजसीच्या छातीवर होता. छाती खाली गेली. ती वर येण्याची शलाका वाट बघत राहिली.