बारा दिवसांचा अबोला

आप्पांच्या मुलात आणि सुनेत बारा दिवस अबोला होता. त्यातच डॉक्टरांनी आप्पांची रक्त पातळ करायची जुनी गोळी बंद करून नवी सुरू केली. नवी गोळी मुलगा सकाळी द्यायचा. पण सुनेला सांगणार कोण? ती रात्री जुनी देतच राहिली. दोघांचंही मन राखायला आप्पा दोन्ही निमूट गिळायचे.

आज नाकातून रक्त थांबेना, तसे दोघं त्यांना घेऊन दवाखान्यात धावले. रक्त थांबवून डॉक्टर भडकले, "दोन्ही गोळ्या एकदम? जिवावर बेतलं असतं!"

"मला सांगितलं का नाहीस?" सून नवऱ्यावर कडाडली.

"तू विचारलंस का?" तो उसळला.

डॉक्टर त्यांना गप्प करणार, तोच नाकात बोळा घातलेले आप्पा गेंगाण्या आवाजात म्हणाले,


"बोलू द्या हो त्यांना! त्यासाठी रक्ताचं पाणी केलंय मी!"