मायाप्पाचा टाक

एरवी मी लई थापा मारते, पण हे ऐका.

बहात्तरच्या दुष्काळात आमचा पोरगा मायाप्पा मेंढरं घेऊन गेला. मेंढरं परत आली, त्यो न्हाय आला. चार वर्सांनी मालकांनी परसात भट्टी मांडली आन् पितळ वितळवाय शिकले.

"अवो, म्हातारपणी ओतारी झालासा व्हय?" मी हसले.

"पोराचा टाक वततो," ते म्हनले.

मानसाचा टाक त्यो मेल्यावरच करत्यात, देव्हाऱ्यात पुजाय. माझं हसू तितंच जिरलं.

पयला टाक साच्यातल्या वल्या वाळूनं फुटला. दुसरा नीट आला, तळहाताएवढा, नाकडोळ्यांसकट, हातापायांसकट. सांजच्याला हात लावला तर कोमट. दुसऱ्या दिवशी बी कोमट. मालकांनी पान्यात बुडवून भायेर काडला, तरी कोमटच.

"गार झाल्याबिगर देव्हाऱ्यात बसवता येत न्हाय."

"नकाच बसवू! जित्ता हाय की माजा मायाप्पा!" साऱ्या गल्लीत मी साखर वाटली.

आठव्या दिवशी दुपारी टाक मांडीवर घेतला. कपाळ कोमट हुतं, छाती कोमट हुती. पाय गार पडले हुते.

पदराखाली धरून मी त्ये चोळाय लागले. गारवा गुडघ्यापतूर चढला.